तराजूचा दीड पानी इतिहास

कोणी काही मागायला दारात आलं की मी आधी त्याच्या पायांकडे बघतो. चपला पायातच असतील तर मागणं किरकोळ असतं. शिडी, पेचकस, फार तर आजचं वर्तमानपत्र. चपला काढून ठेवल्या असतील तर प्रकरण मोठं आहे असं समजावं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा रद्दीवाला त्या दिवशी आला तेव्हा त्याने चपला जिन्यातच भिंतीला लावून नीट ठेवल्या होत्या. मागे त्याची मुलगी उभी होती, तीही अनवाणी. मी सावध झालो.

"काका, पोरीचं इंग्रजी आणि इतिहास जरा बघाल का?" तो म्हणाला. "सहामाहीत दोन्हीत नापास झाली. वार्षिकला परत तसंच झालं तर नववीतच ठेवू म्हणाल्यात मुख्याध्यापिका. तुम्ही ऑफिसात सगळं इंग्रजीतच लिहायचात ना?"

मी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांत खोट शोधायची, हे माझं काम. कागद खरा आहे असं सिद्ध होईपर्यंत तो खोटाच धरायचा, हा आमच्या विभागाचा पहिला धडा, आणि कागदांना लागू पडणारी गोष्ट माणसांना का लागू पडू नये, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. म्हणून मी "बघतो, कळवतो" असं ऑफिसी उत्तर देणार होतो. तेवढ्यात आतून आमची ही ओरडली, "बघतील की! त्यांना वेळच वेळ आहे!" हे उत्तर इतकं चटकन आलं, की दोघांचं आधीच ठरलेलं असावं असा मला संशय आला. निवृत्तीनंतर मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावून साठा तपासायला लागलो होतो, त्याचा हा सूड असावा. तो संशय अजून गेलेला नाही.

मुलीला सगळे मुंगी म्हणत. अंगाने तशीच, आणि दिवसभर स्वतःच्या दुप्पट आकाराचे गठ्ठे उचलून इकडून तिकडे नेणारी. ती माझ्यासमोर बसली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली. या माणसाला खरंच येतं का, हे ती अजमावत होती. मला ते आवडलं नाही, पण पद्धत म्हणून पसंत पडलं.

समोरच्या दारातले विमावाले लगेच सल्ला घेऊन आले. या गृहस्थांना विम्यापेक्षा सल्ल्याचं गिऱ्हाईक जास्त मिळतं. "फुकट शिकवणार? मग संपलंच. फुकटच्या शिकवणीला कोणी विचारत नाही. आणि एक सांगून ठेवतो, हे रद्दीवाले वजनात मारतात. बाप वजनात मारणारा, पोरगी परीक्षेत मारेल. लक्ष ठेवा." मी मान डोलावली. लक्ष ठेवायचं मला कोणी शिकवायला नको होतं, तरी डोलावली.

इंग्रजीची सुरुवात पत्रलेखनाने झाली. विषय होता, ताप आल्यामुळे दोन दिवसांची रजा. मी मुंगीला नमुना लिहून दिला. तिला ताप आल्याचं तिच्या निदर्शनास कसं आलं, सदर तापाचं स्वरूप काय होतं, आणि खाली सही करणारी व्यक्ती त्याबद्दल खेद व्यक्त करण्याची अनुमती कशी मागते, हे सगळं एकाच वाक्यात होतं. एकतीस वर्षांत मला त्या धर्तीच्या वाक्यावर कोणी आक्षेप घेतलेला नव्हता. शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी दहापैकी दोन गुण दिले आणि समासात लाल शाईने विचारलं, "ही खाली सही करणारी व्यक्ती कोण?"

"काका, ती मीच ना?" मुंगीने विचारलं.

"तूच."

"मग मी असं का नाही लिहायचं?"

 त्या बाईंच्या शिक्षणाबद्दल मला त्या दिवसापासून शंका आहे.

इतिहासात मला जास्त उत्साह वाटला. पुस्तकात एका क्रांतीची पाच कारणं दिली होती. मी मुंगीला विचारलं, "पाचच कशावरून? मोजली कोणी? तेव्हा तिथे हजर कोण होतं?" मुंगीचे डोळे चमकले. आजवर तिला कोणी इतिहासावर शंका घ्यायची परवानगीच दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात उभं राहून बाईंना विचारलं, "बाई, हे कोणी पाहिलं?" बाईंनी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. विमावाल्यांनी हे ऐकून सांगितलं की मुलीचं वर्ष आता माझ्यामुळेच जाणार. मी त्यांना म्हटलं की सत्याची किंमत मोजावी लागते. पण ती मी मोजत नव्हतो हे मलाही कळत होतं, आणि त्या दिवसापासून मुंगीच्या वर्षाची मला मनातून धास्ती लागली.

मग प्रकल्प आला. इंग्रजी आणि इतिहास, दोन्ही विषयांना मिळून एकच. घरातल्या एखाद्या वस्तूचा इतिहास इंग्रजीत लिहायचा, दीड पान. प्रत्येक विषयात वीस गुण. हे वीस हातात पडले तर मुंगी कशीबशी तरणार होती, नाहीतर पुन्हा नववी. मी तिला विषयपत्रिका, प्रस्तावना, संदर्भ आणि निष्कर्ष असा आराखडा आखून दिला. चार दिवसांनी तिने वही आणून ठेवली. "तुमचा आराखडा नाही घेतला," एवढंच म्हणाली.

मी वाचायला घेतलं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं: आमच्या दुकानात एक तराजू आहे. तो माझ्या आजोबांनी घेतला. कधी घेतला याचा पुरावा नाही, म्हणून मी साल लिहीत नाही. एका पारड्याला तीन साखळ्या आहेत, दुसऱ्याला दोन साखळ्या आणि एक तार. दुकानात येणारा प्रत्येक माणूस तराजूच्या काट्याकडे बघतो. माझे वडील काट्याकडे बघत नाहीत, ते माणसाच्या तोंडाकडे बघतात. आजोबाही तसंच बघायचे. तराजूने कागद तोलला आणि त्यांनी माणसं तोलली, पण त्यांनी कोणालाच त्याचं वजन सांगितलं नाही.

चष्मा पुसून मी पुन्हा वाचलं. वाक्यं छोटी, चुका दोनच. छातीत काहीतरी हललं. आणि माझी सवय अशी, की काही हललं की आनंद व्हायच्या आत मी ते कुठून आलं याचा शोध घेतो.

"हे कुठून उतरवलंस?"

"कुठून नाही. मी लिहिलं."

"पुरावा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वही उचलून घेऊन गेली. चपला घालायलाही थांबली नाही, हातात घेऊनच जिना उतरली.

बायको म्हणाली, "का नाही लिहिणार ती? डोकं आहे तिला." विमावाले म्हणाले, "अहो, रद्दीचं दुकान! जगातली सगळी जुनी मासिकं तिथे येऊन पडतात. शोधा, सापडेल." यातलं कोणाचं म्हणणं मला पटलं असेल हे वेगळं सांगायला नको.

मी तीन दुपारी रद्दीच्या दुकानात मांडी ठोकून बसलो. रद्दीवाल्याला सांगितलं की जुनी मासिकं चाळतोय. त्याने बिचाऱ्याने बसायला गठ्ठा दिला, पंखा माझ्याकडे वळवला आणि एक शब्द विचारला नाही. मला तर त्या पंख्याचाही संशय आला. शिवणकामाची मासिकं, शेअरबाजाराचे अहवाल, कुठल्यातरी शाळेच्या सात वर्षांच्या उत्तरपत्रिका, सगळं पालथं घातलं. धुळीने नाक बंद झालं. तराजूवर एक ओळ सापडली नाही. तिसऱ्या दुपारी मात्र सुतळीने बांधलेली एक फाइल हाती लागली. उघडली तर अक्षर माझं! वर्तमानपत्रांच्या संपादकांना मी लिहिलेल्या एकशे बारा पत्रांच्या कार्बन प्रती. आमच्या हिने कपाट आवरताना किलोवर विकून टाकल्या होत्या.

"ती फाइल मी बाजूला ठेवलीय, काका," रद्दीवाला म्हणाला. "अक्षर सुरेख आहे म्हणून फोडली नाही."

गठ्ठ्यामागून मुंगीचा आवाज आला, "मी सगळी वाचली. पण त्यातलं एकही वाक्य मी घेतलेलं नाही. मुद्दाम."

माझ्या लिखाणातून चोरण्यासारखं काही नाही, हे एका नववीतल्या मुलीने एकशे बारा पत्रं वाचून ठरवलं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

खरं तर पुरावा सापडला नाही म्हणजे प्रकरण निकाली निघालं. पण आमच्या विभागात पुरावा न सापडणं याचा अर्थ तो नीट लपवलेला आहे असा घेतला जायचा. म्हणून दुसऱ्या सकाळी मी शाळेत गेलो. तक्रार करायला नव्हे. नुसतं विचारायला, की असं लिखाण या वयाच्या मुलीकडून होऊ शकतं का. एवढंच.

मुख्याध्यापिकांच्या दाराशी एक कारकून बसला होता. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी ओळखली. ती माझीच जुनी नजर होती.

"काम काय?"

"चौकशी."

"तोंडी चौकशी घेत नाही. लेखी द्या." त्याने छापील अर्ज सरकवला. "विद्यार्थिनीशी नातं?"

"शेजारी."

"तो रकाना नाही. पालक, नातेवाईक किंवा इतर."

"इतर."

"इतरांना चौकशी करता येत नाही. इतरांना फक्त तक्रार करता येते. शेवटचा रकाना भरा."

आता सरळ उठून घरी यावं की नाही? पण समोर कोरा रकाना आणि हातात पेन असताना उठून येणारा माणूस तपासणी विभागात एकतीस वर्षं टिकत नाही. मी भरला. मोजक्या शब्दांत भरला, पुरवणी फक्त एकच जोडली.

चार दिवसांनी शाळेचं पत्र आलं. माझ्या तक्रारीवरून प्रकल्पाचे गुण रोखून ठेवण्यात आले होते. सोमवारी मुख्याध्यापिकांसमोर सुनावणी होती, आणि नक्कल सिद्ध झाल्यास दोन्ही विषयांत शून्य देण्यात येणार होतं. पत्राची एक प्रत रद्दीवाल्याला गेली होती. मी धावत शाळेत गेलो आणि तक्रार मागे घ्यायची म्हणून सांगितलं.

"कारण?" कारकुनाने विचारलं.

"गैरसमज."

"गैरसमज चालत नाही. खोटी तक्रार केली असं लिहून द्या, आत्ता मागे घेतो."

खोटी तक्रार! मी! ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडलं, त्याने स्वतःच्या हाताने असं लिहून द्यायचं? मी पेन हातात घेतलं, टोपण उघडलं, बंद केलं आणि घरी आलो. बायकोने दार उघडलं आणि माझं तोंड बघून विचारलं, "लिहून दिलंत?" मी नाही म्हटलं. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. डब्यांवरच्या चिठ्ठ्या तिने काढून टाकल्या आणि मी त्या परत लावल्या नाहीत.

सोमवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या होत्या. रद्दीवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याने मला नेहमीसारखाच नमस्कार केला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मुंगी माझ्याकडे बघत नव्हती.

मुख्याध्यापिकांनी फार लांबण लावली नाही. कोरे कागद मुंगीपुढे ठेवले आणि म्हणाल्या, "आत्ता, इथे बसून इंग्रजीत लिही. पाऊण तास. विषय, मला शिकवणारी व्यक्ती. बघू कोणाची भाषा आहे ती."

पाऊण तास खोलीत फक्त पेनाचा आवाज होता. मी आणि रद्दीवाला शेजारी शेजारी बसलो होतो. मध्येच तो हळूच म्हणाला, "काका, हिचं वर्ष नाही ना जाणार?"  मी खोकल्यासारखं केलं.

मुख्याध्यापिकांनी कागद वाचला. एकदा माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचला, आणि माझ्यापुढे सरकवला. "हे तुमच्याबद्दल आहे. भाषा तीच आहे, यात मला शंका नाही. पण यात एक आरोप आहे. तो खोटा असेल तर ही मुलगी मनाला येईल ते लिहिते असं होईल, आणि मग मला पहिल्या निबंधाचाही विचार करावा लागेल. तुम्हीच वाचा आणि सांगा."

मी वाचलं. माझे शेजारी मला इंग्रजी आणि इतिहास शिकवतात, असं तिने लिहिलं होतं. ते प्रत्येक गोष्टीला पुरावा मागतात, ते मला आवडतं. मी लिहिलं याचा त्यांनी पुरावा मागितला, तो माझ्याकडे नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते रद्दी घेऊन येतात. त्यांच्या पिशवीत स्प्रिंगचा एक छोटा वजनकाटा असतो. दुकानात यायच्या आधी ते जिन्याखाली थांबून गठ्ठा तोलतात. मी जिन्यात अभ्यास करते, मला आकडा दिसतो. माझे वडील जे वजन सांगतात ते दर वेळी दोनशे ग्रॅम जास्त असतं. आमचा तराजू जुना आहे, म्हणून असेल. तपासणाऱ्याने सापडलेला प्रत्येक फरक सांगितला पाहिजे, असं त्यांनी मला शिकवलं आहे. हा फरक त्यांनी कधी सांगितला नाही.

हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं. इतकं सगळं सांगितलं, बायकोने माझी पत्रं विकली तेही लाज सोडून सांगितलं, पण तो वजनकाटा मी तुमच्यापासूनही लपवला. तो मी मुद्दाम विकत आणला होता. रद्दीवाला वजनात मारतो, हे मला रंगेहाथ पकडायचं होतं. पहिल्याच महिन्यात आकडा उलटा निघाला, आणि ज्या अर्थी नुकसान माझं नव्हतं त्या अर्थी मी गप्प बसलो. सहा वर्षं.

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. दाराशी नोंद घ्यायला बसलेल्या कारकुनाने पेन उचलून धरलं होतं. मला फक्त "असं काही नाही" एवढंच म्हणायचं होतं. जिन्याखाली मुंगीशिवाय कोणी नव्हतं. पुरावा कुठे होता? माझी एकतीस वर्षं, माझी इमारतीतली पत, संध्याकाळपर्यंत विमावाल्यांच्या तोंडी लागणारं माझं नाव, सगळं त्या तीन शब्दांनी वाचलं असतं. मी मान वर केली. मुंगी आता सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती.

"खरं आहे," मी म्हणालो.

"सगळं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"नाही. दोनशे ग्रॅम बरोबर नाही. कधीकधी अडीचशे."

कारकुनाचं पेन तसंच वर राहिलं. मी त्याच्याकडे वळलो. "आणि तो तक्रारीचा अर्ज द्या इकडे. निबंध हिचाच आहे. मी खोटी तक्रार केली होती, असं लिहून देतो." लिहिलं, सही केली. एकतीस वर्षांत माझ्या हातून लिहिलं गेलेलं ते सगळ्यात छोटं वाक्य असावं. कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि कुठेच बोट ठेवता येईना म्हणून नाराजीने शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मी रद्दीवाल्याला म्हटलं, "तुमचा तराजू एकदा तपासून घ्या. माझ्यामुळे सहा वर्षं तुमचं नुकसान झालं."

"तराजू बरोबर आहे, काका," तो संकोचून म्हणाला. "दोनशे ग्रॅम मीच जास्त सांगतो. सगळ्यांनाच. माझे वडीलही सांगायचे. माणूस दुकानात येतो तोच शंका घेऊन येतो ना. त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा दोनशे ग्रॅम परवडतात."

मुंगी रस्त्यातच थांबली. "बाबा, हे मला आधी का नाही सांगितलंत? मी निबंधात लिहिलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं," रद्दीवाला म्हणाला.

मी त्यांच्यासोबत घरापर्यंत चालत आलो. मला लाज वाटत होती. निबंधाची वाटत होती, अर्जाची त्याहून जास्त, आणि त्या दोनशे ग्रॅमची सगळ्यात जास्त.

मुंगीला वीसपैकी सतरा गुण मिळाले, दोन्ही विषयांत. ती दहावीत गेली. शिकवणी चालू आहे. आता मी नमुने देत नाही, ती लिहिते आणि मी स्वल्पविराम बघतो. विमावाले मला जिन्यात भेटले की मुद्दाम पिशवीकडे बघतात.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी रद्दीचा गठ्ठा तसाच उचलून थेट दुकानात नेला. रद्दीवाल्याने तो पारड्यात ठेवला आणि वजनं चढवायला घेतली. आता कुठे बघायचं, हे मला समजेना. काट्याकडे बघायची सोय उरली नव्हती आणि त्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती. म्हणून मी कोपऱ्यात बसलेल्या मुंगीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि वहीत काहीतरी लिहीत होती.